प्रत ठेवून लिहिलेलं पत्र खाजगी असतं का? (अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातली पत्रं आणि राजकीय लेखन)

शिळोप्या (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सध्या एका वेगळ्याच नादाला लागलोय, म्हटलं इथे कोणी समदुःखी आहे का बघावं.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर पहिल्या तीस-चाळीस वर्षांत तिथल्या पुढाऱ्यांनी जे ढीगभर लिहून ठेवलंय ना, ते वाचतोय. सुरुवात शहाण्या मुलासारखी फेडरलिस्ट निबंधांपासून केली. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी मिळून 'पब्लियस' या टोपणनावाने १७८७-८८ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरांतून ८५ निबंध लिहिले, नवीन राज्यघटना मंजूर करा म्हणून. दहावा निबंध खरंच भारी आहे. गटबाजी काही संपत नसते, मग देशच इतका मोठा करा की कुठलाही एक गट डोईजड होणार नाही, असा मॅडिसनचा मुद्दा. पण पुढे हॅमिल्टनचे करांवरचे निबंध सुरू झाले आणि माझी गाडी जी अडकली ती अडकलीच.

मग कंटाळून जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसनची पत्रं उघडली. दोघं जुने दोस्त, १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहिले, अ‍ॅडम्स हरला, आणि पुढे दहा-अकरा वर्षं अबोला. शेवटी डॉ. बेंजामिन रश नावाच्या कॉमन मित्राने दोघांना चुचकारून चुचकारून तयार केलं. १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने पत्र टाकलं की तुला आमच्याकडे घरी विणलेल्या मालाचे दोन नग पाठवतोय. पत्र आधी पोचलं, पार्सल मागे राहिलं. जेफरसनला वाटलं खरंच कापड आहे, त्याने लगेच आमच्या व्हर्जिनियात घरोघरी सूत कसं काततात, कुठली यंत्रं वापरतात, मेंढ्या किती वाढल्यात यावर अख्खी माहिती लिहून पाठवली. नंतर पार्सल आलं तर त्यात अ‍ॅडम्सच्या मुलाची, जॉन क्विन्सीची, वक्तृत्वशास्त्रावरची पुस्तकं! दोन खंड!! मी रात्री एकटाच हसत बसलो होतो, बायकोला वाटलं रील्स बघतोय.

तर प्रश्न असा. ही माणसं आपल्या पत्रांची प्रत ठेवायची. जेफरसनकडे तर त्यासाठी यंत्र होतं. ज्याची प्रत फाइलला लावून ठेवलीय ते पत्र खाजगी कसं? मला वाटायला लागलंय की पत्रं हेसुद्धा राजकीय लेखनच, फक्त खाली सही करून केलेलं, आणि निबंध म्हणजे नाव लपवून केलेलं. मग त्या काळातली माणसं समजून घ्यायला जास्त विश्वास कशावर ठेवायचा?

पाटीपेन्सिल
पहिला नंबर माझा.
पब्लियस म्हणजे तीन माणसांचा मिळून एक आयडी. आपल्याकडे एका माणसाचे तीन असतात. प्रगती आहे.

घाटमाथा
धागा छान पण मुद्दा पटला नाही. निबंधांत नाव लपवलंय म्हणून ते कमी विश्वासाचे, असं का? उलट नाव नसल्यामुळे फक्त मुद्दा उरतो. माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच नव्हती, हे ५१ व्या निबंधातलं वाक्य कोणी लिहिलं याने काय फरक पडतो? त्याच वेळी विरुद्ध बाजूने 'ब्रूटस' नावाने कोणीतरी लिहीत होता, तो म्हणत होता की एवढ्या मोठ्या देशात लोकशाही टिकणारच नाही, केंद्र सगळी सत्ता गिळेल आणि न्यायाधीशांना कोणी विचारणार नाही. धागाकर्त्याने पब्लियस एकटा वाचला म्हणून झोप आली. ब्रूटस आणि पब्लियस आलटून पालटून वाचा, मग बघा झोप येते का.

पत्रांत काय, समोरचा बघून माणूस बोलतो. निबंध सगळ्यांसाठी एकच असतो.

व्हर्जिनियाची_वहिनी
आम्ही शार्लट्सव्हिलला राहतो, त्यामुळे भारतातून कोणीही आलं की जेफरसनच्या घराची, माँटिसेलोची, ट्रिप ठरलेली. गाइडची वाक्यं मला आता पाठ आहेत, त्यामुळे यंत्राचं मी सांगते.

आधी त्याच्याकडे जेम्स वॉटने काढलेला कॉपी प्रेस होता, हो तोच वाफेच्या इंजिनवाला वॉट. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओलसर केलेला अगदी पातळ कागद ठेवायचा आणि दाबायचा. शाई थोडी उतरते पण उलटी, म्हणून तो पातळ कागद मागच्या बाजूने वाचायचा. मग १८०४ पासून पॉलिग्राफ. लाकडी पेटीवजा डेस्क, त्यावर सांध्यांचे दांडे, आणि दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या. तुम्ही एकीने लिहिता, दुसरी शेजारच्या कागदावर तेच आणि तसंच लिहीत जाते. फिलाडेल्फियाचा चार्ल्स विल्सन पील बनवायचा ती यंत्रं आणि जेफरसन त्याला सारख्या दुरुस्त्या सुचवायचा. या काळातला सगळ्यात उत्तम शोध, असं म्हणायचा तो त्याला.

पण शिळोप्या, प्रत ठेवली म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी लिहिलं असं कसं? मी पण सोसायटीला मेल टाकते तेव्हा स्वतःला सीसी करते, ते काही इतिहासासाठी नाही, नंतर सेक्रेटरी 'मिळालंच नाही' म्हणतात म्हणून. पत्राला दोन दोन महिने लागायचे, बोटी बुडायच्या, आपण काय लिहिलं होतं ते लक्षात कसं राहणार?

आणि प्रेमपत्राची पण प्रत आहे म्हटलं. १७८६ मध्ये पॅरिसला त्याचं उजवं मनगट मोडलं होतं, तेव्हा मारिया कॉस्वे या विवाहित चित्रकार बाईला त्याने डाव्या हाताने भलंमोठं पत्र लिहिलं, त्यात त्याचं डोकं आणि त्याचं हृदय एकमेकांशी वाद घालतायत. डाव्या हाताने!! आणि त्याचीही प्रत काढून ठेवली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पाटीपेन्सिल
डोकं जिंकलं की हृदय?

व्हर्जिनियाची_वहिनी
शेवटचं भाषण हृदयाचं. बाई नवऱ्याबरोबर लंडनला निघून गेली होती आधीच.

तर्कट_तात्या
घाटमाथा, कोणी लिहिलं याने फरक पडत नाही म्हणता, पण ज्यांनी लिहिलं त्यांना पडत होता ना! १८०४ मध्ये, ज्यात तो मेला त्या द्वंद्वाच्या थोडं आधी, हॅमिल्टनने यादी करून ठेवली की कुठले निबंध कोणाचे. मॅडिसनने १८१८ मध्ये आपली यादी दिली आणि ती जुळेना. १२ निबंधांवर दोघांचा दावा. दीडशे वर्षं इतिहासकार भांडत बसले. मग १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी उत्तर छापलं, आणि ते विचारांवरून नाही बरं का, विचार दोघांचे सारखेच होते. त्यांनी बारीकसारीक शब्द मोजले. हॅमिल्टन 'अपॉन' भरपूर वापरतो, मॅडिसन जवळजवळ नाहीच. एक 'व्हाइल' लिहितो, दुसरा 'व्हिल्स्ट'. मोजणी करून निकाल लागला, बाराच्या बारा मॅडिसनचेच दिसतात. आम्हाला कॉलेजात संख्याशास्त्राला हे उदाहरण होतं तेव्हा फेडरलिस्ट हा काय प्रकार आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, सरांना पण नाही.

घाटमाथा
तात्या हे भारीच. मॅडिसनचं अजून एक घ्या. १७८९ मध्ये वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचं शपथविधीचं भाषण लिहायला मॅडिसनची मदत. त्या भाषणाला प्रतिनिधीगृहाने उत्तर द्यायचं होतं, ते लिहायला दिलं मॅडिसनकडेच. आणि त्या उत्तराला वॉशिंग्टनने जे उत्तर दिलं, त्याचा मसुदाही मॅडिसनचा.

पाटीपेन्सिल
स्वतःच्या धाग्यावर स्वतःच प्रतिसाद देऊन धागा वर काढणारा आद्य पुरुष _/\_

अबोली७
सगळे पुरुषच चाललेत, जॉनच्या बायकोचं, अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सचं नाव कोणी काढेना. 'बायकांना विसरू नका' हे ३१ मार्च १७७६ चं पत्र सगळ्यांना माहीत असतं, पोस्टरवर पण असतं. त्यावर नवऱ्याने १४ एप्रिलला काय उत्तर दिलं ते पोस्टरवर नसतं. मला हसू आवरत नाही, असं लिहिलं त्याने.

पण मला तिची १८०४ ची पत्रं जास्त आवडतात. जेफरसनची धाकटी मुलगी पॉली गेली, पंचविशीतच. ही पॉली १७८७ मध्ये आठ वर्षांची असताना बोटीने लंडनला आली होती तेव्हा अ‍ॅबिगेलकडे राहिली होती, तिला इतकी बिलगली होती की सोडून जायला तयार नव्हती. दोन्ही घरांत तेव्हा अबोला. तरी हिने सांत्वनाचं पत्र लिहिलं, आणि शेवटी सही कशी केली, तर जी कधीकाळी स्वतःला तुमची मैत्रीण म्हणवून घेण्यात आनंद मानायची ती. 'कधीकाळी' बघा!

जेफरसनला वाटलं दिलजमाईची संधी आली. त्याने गोड पत्र लिहिलं आणि मध्येच एक वाक्य टाकलं, की मिस्टर अ‍ॅडम्सच्या एकाच कृतीने मी दुखावलो, जाता जाता त्यांनी माझ्या कट्टर विरोधकांच्या नेमणुका केल्या. झालं. बाईंनी जे काही धरलंय त्याला! तुम्ही कॅलेंडरसारख्या माणसाला पैसे पुरवलेत, त्याने माझ्या नवऱ्यावर चिखल उडवला, शिक्षा झाली तर तुम्ही त्याला माफी देऊन दंडही परत केलात, आणि आता तोच साप तुम्हालाच डसला ना. (कॅलेंडर म्हणजे ज्याने १८०२ मध्ये जेफरसनचे त्याच्या गुलाम सॅली हेमिंग्जशी संबंध असल्याचं प्रकरण छापलं तो पत्रकार. आणि पॉलीला सोबत म्हणून त्या बोटीवर आलेली चौदा वर्षांची गुलाम मुलगी हीच सॅली. अ‍ॅबिगेलने तिलाही पाहिलं होतं.) जेफरसन म्हणे मी गरीब लेखक म्हणून दानधर्म केला. सात पत्रं झाली आणि बाईंनीच विषय बंद केला.

यातलं काहीही जॉन अ‍ॅडम्सला माहीत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये बायकोने पत्रांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. त्याने सगळं वाचून खाली शेरा मारला की हा पत्रव्यवहार माझ्या नकळत झाला, आज वाचला, आणि यावर या वेळी या ठिकाणी मला काही बोलायचं नाही. एरवी हा माणूस कुठल्याही विषयावर चार पानं लिहिणारा!

शिळोप्या
अबोली, हे मी वाचलं नव्हतं, आज रात्रीची सोय झाली. तो शेरा म्हणजे कहर आहे.

दमडी_मोजे
खर्चाचं कोणी बोललंच नाही. १७९२ च्या टपाल कायद्याप्रमाणे एका कागदाच्या पत्राला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, आणि ४५० मैलांच्या वर २५ सेंट. दोन कागद तर दुप्पट. म्हणून पाकीट नाही, पाकीट म्हणजे अजून एक कागद झाला ना, पत्रच घडी घालून लाखेने बंद करायचं. आणि बऱ्याचदा पैसे घेणाऱ्याने भरायचे, म्हणजे शिव्याही खायच्या आणि वर टपालखर्चही द्यायचा. पेपर मात्र १०० मैलांपर्यंत १ सेंट आणि त्यापुढे दीड! मुद्दाम स्वस्त ठेवला होता, लोकांपर्यंत राजकारण पोचावं म्हणून. म्हणजे सामान्य माणसाला बोस्टनहून दक्षिणेतल्या भावाला खुशाली कळवणं महाग, पण पेपरातलं राजकारण जवळजवळ फुकट. काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) सभासदांना आणि राष्ट्राध्यक्षाला पत्रं फुकट जायची, वरती सही केली की झालं. त्यामुळे यांची पत्रं इतकी लांबलचक का, याचं एक उत्तर हे पण आहे :)

कल्याण_स्लो
माझं मत शिळोप्यांच्या बाजूने. ही माणसं पत्र लिहिताना सावध असणारच, कारण पत्रं फुटायची. जेफरसनने एप्रिल १७९६ मध्ये इटलीतल्या फिलिप मॅझेई या जुन्या शेजाऱ्याला पत्र लिहिलं, त्यात रणांगणातले सॅमसन आणि दरबारातले सॉलोमन इंग्लंड नावाच्या बयेपुढे डोकं भादरून बसलेत अशा अर्थाचं वाक्य. मॅझेईने काय करावं? इटालियन करून फ्लॉरेन्सच्या पेपरात दिलं. तिथून पॅरिसच्या पेपरात फ्रेंचमध्ये आलं. तिथून परत इंग्रजीत होऊन मे १७९७ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात. उपराष्ट्राध्यक्ष होता तेव्हा हा! सॅमसन कोण हे सांगायची गरज कोणालाच नव्हती. वॉशिंग्टनने पत्रव्यवहारच बंद केला. जेफरसन गप्प, धड नाही म्हणता येईना की मी लिहिलंच नाही, आणि हो म्हणावं तर तीन भाषांतून फिरून आलेलं प्रत्येक वाक्य गळ्यात पडणार.

हॅमिल्टनचं तर विचारूच नका. १८०० मध्ये आपल्याच पक्षाच्या अ‍ॅडम्सवर ५४ पानी पत्र छापलं, फक्त खास लोकांत वाटायचं म्हणून. ते पडलं विरोधी पक्षाच्या आरन बरच्या हातात. पुढे सगळ्या देशाने वाचलं, अ‍ॅडम्स हरला, पक्षाचं कंबरडं मोडलं.

घाटमाथा
अगदी हेच मी म्हणतोय. पत्र फुटलं की माणूस अडचणीत येतो, म्हणजे त्याने पेपरात एक आणि पत्रात एक लिहिलं होतं.

आणि पेपरात लिहिणं म्हणजे काही सुरक्षित होतं असं नाही हां. १७९८ चा राजद्रोहाचा कायदा आठवा. व्हरमाँटचा मॅथ्यू ल्यॉन, काँग्रेसचा सभासद, त्याने पेपराला पाठवलेल्या पत्रात अ‍ॅडम्सच्या थाटामाटाच्या हौसेवर टीका केली म्हणून ४ महिने तुरुंग आणि १००० डॉलर दंड. पठ्ठ्या तुरुंगातूनच परत निवडून आला.

उंबरा
एवढा वेळ वाचतेय. सगळी चर्चा चाललीय ती ज्यांच्याकडे कागद, यंत्र, फुकट टपाल होतं त्यांची. बाकीच्यांनी पण पत्रं लिहिली.

बेंजामिन बॅनेकर, मेरीलँडचा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी, स्वतः शिकून ग्रहणांची गणितं करायचा, पंचांग काढायचा. १९ ऑगस्ट १७९१ ला त्याने जेफरसनला पत्र लिहिलं, सोबत पंचांगाची हस्तलिखित प्रत. पत्रात त्याने जेफरसनचीच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली वाक्यं त्याच्यासमोर ठेवली, सगळी माणसं समान जन्मतात हे तुम्हीच लिहिलंत ना, मग ज्यांच्याबद्दल तुम्ही इंग्रजांकडे तक्रार करत होतात तेच अपराध माझ्या बांधवांवर तुम्ही करताय. इतकं सरळ. जेफरसनने ११ दिवसांत अतिशय सभ्य उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला काँदोर्से या गणितज्ञाकडे पाठवतो म्हणाला. मग १८०९ मध्ये, बॅनेकर वारल्यावर, जोएल बार्लो नावाच्या मित्राला काय लिहितो, तर बॅनेकरची बुद्धी अगदीच सामान्य होती आणि त्या गणितांत कोणाची तरी मदत असावी असा संशय. दोन्ही पत्रं उपलब्ध आहेत. शेजारी शेजारी ठेवून वाचा.

वॉशिंग्टनचं घ्या. सप्टेंबर १७९६ मध्ये त्याचं निरोपाचं भाषण पेपरात छापून आलं (भाषण म्हणतात पण दिलं कधीच नाही, छापलंच फक्त, आणि मसुदा आधी मॅडिसनचा, मग हॅमिल्टनचा). त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या फिलाडेल्फियाच्या घरातून ओना जज ही गुलाम मुलगी पळून न्यू हँपशायरला पोचली होती. तिथल्या जकात अधिकाऱ्याने कळवलं की तुमच्या मागे तिला स्वातंत्र्य मिळेल असं वचन द्या, ती परत यायला तयार आहे. २८ नोव्हेंबरला वॉशिंग्टनचं उत्तर: अशी तडजोड अजिबात मान्य नाही, बेइमानीला बक्षीस दिल्यासारखं होईल. निरोपाचं भाषण शाळेत शिकवतात. ती परत गेली नाही, शेवटपर्यंत न्यू हँपशायरलाच राहिली.

आणि एक छोटंसं. जेफरसनचं पॉप्लर फॉरेस्ट नावाचं दुसरं घर होतं, तिथे हॅना नावाची गुलाम बाई घर सांभाळायची. तिचं नोव्हेंबर १८१८ चं पत्र टिकलंय. घर आणि सामान सुखरूप आहे, तुम्ही आजारी आहात म्हणून यंदा येणार नाही असं कळलं, वाईट वाटलं, देवावर भरवसा ठेवा. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, सगळं एका दमात. त्याच्या हजारो पत्रांत हे एक.

मावळतीचा_वारा
उंबरा, तुमचं सगळं खरं असलं तरी आजच्या मापाने त्या माणसांना मोजणं बरोबर नाही. तेव्हा सगळेच तसे होते.

उंबरा
आजचं माप कुठून आलं? बॅनेकरने १७९१ मध्ये लावलेलं माप आहे ते, आणि तेसुद्धा जेफरसननेच तयार केलेलं.

घाटमाथा
उंबरा +१००. 
आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामी संपवण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्यांना. आणि फुल्यांनी त्या काळातलं वाचलं कोण, तर टॉमस पेन. बाकीचे जमीनदार आणि वकील, पेन हा कॉर्सेट शिवणाऱ्याचा पोरगा. त्यानेही वॉशिंग्टनला १७९६ मध्ये उघड पत्र लिहिलंय, मला पॅरिसच्या तुरुंगात सडत ठेवलंस म्हणून. ते वाचायला घेतलं तर दरवाजा लावून घ्या, शेजाऱ्यांना भांडण चाललंय असं वाटेल.

सरदेशमुखी
अवांतर: हाच आपल्या नाना फडणवीसांचा काळ. वॉशिंग्टन गेला १४ डिसेंबर १७९९ ला, नाना गेले १३ मार्च १८०० ला, मध्ये तीन महिने. आणि यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने वॉशिंग्टनपुढे हत्यारं ठेवली तो कॉर्नवॉलिस पुढे इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध मराठ्यांच्या बरोबरीने श्रीरंगपट्टणला उभा होता. दफ्तरं आपल्याकडेही प्रचंड आहेत, पण मोडी वाचणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. त्यांचं फाउंडर्स ऑनलाइन बघून जळजळ होते. घरबसल्या, फुकट, शोध टाकला की पत्र समोर.

दमडी_मोजे
नानांचा वेगळा धागा काढा हो, नाहीतर इथे पानिपत सुरू होईल.

पाटीपेन्सिल
उशीर झाला, कोणीतरी टाइप करायला बसलंच असेल.

अबोली७
परत विषयावर येते. प्रत ठेवणाऱ्यांचं बोललो, जाळणाऱ्यांचं पण बोला. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याबरोबरची जवळजवळ सगळी पत्रं जाळली. जेफरसनने बायकोची पत्रं नष्ट केली, तिचा चेहरा कसा होता हेसुद्धा धड माहीत नाही. एलायझा हॅमिल्टनने नवऱ्याचे कागद पन्नास वर्षं जपले, त्याचं चरित्र व्हावं म्हणून मुलांच्या मागे लागली, पण तिने त्याला लिहिलेली पत्रं कुठे आहेत? तिच्या नवऱ्याने १७९७ मध्ये सरकारी पैसा खाल्ला नाही हे सिद्ध करायला स्वतःच्या लफड्याची पत्रं छापून काढली होती, रेनॉल्ड्स बाईची सगळी भानगड तारीखवार. त्यानंतर कुठली बायको आपली पत्रं कपाटात ठेवेल?

अ‍ॅबिगेल पण सारखी म्हणायची जाळून टाका माझी पत्रं, अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन वाईट आहे. जॉनने ऐकलं नाही. ११०० च्या वर पत्रं आहेत त्या दोघांची.

व्हर्जिनियाची_वहिनी
अबोली, याच साठी आईच्या ट्रंकेला मी हात लावत नाही.

हटवादी
माझ्या काकांनी परवाच ग्रुपवर जेफरसनचं वाक्य टाकलं, जनता सरकारला घाबरते तिथे हुकूमशाही वगैरे. असं काही आहे का पत्रांत?

कल्याण_स्लो
हटवादी, माँटिसेलोवाल्यांनी खोट्या वाक्यांची यादीच ठेवलीय, त्यात ते आहे. काकांना खरं हवं असेल तर जोडी द्या. जानेवारी १७८७, एडवर्ड कॅरिंग्टनला: पेपर नसलेलं सरकार की सरकार नसलेले पेपर असं विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता दुसरं निवडेन. आणि जून १८०७, जॉन नॉर्वेलला, तेव्हा सहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहून पेपरांचा मार खाऊन झालेला: पेपरात दिसतं त्यातल्या कशावरच आता विश्वास ठेवता येत नाही. पहिलं वाक्य सगळे पेपरवाले भिंतीवर लावतात.

शिळोप्या
सगळ्यांना धन्यवाद, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात बरंच वाचलं, त्यातून दोन गोष्टी मूळ प्रश्नाला धरून.

ऑगस्ट १८१५ च्या पत्रात जेफरसन अ‍ॅडम्सला सांगतो की आपला पत्रव्यवहार पोस्टात कोणाच्या तरी नजरेत आला असावा, एका छापखानेवाल्याने मला चक्क विचारलं छापू का म्हणून, काय हा उद्धटपणा. म्हणजे त्याला ते छापायचं नव्हतं. पण दोघांनाही कळून चुकलं होतं की कोणाचं तरी लक्ष आहे. आणि १८२२ मध्ये जेफरसन रडगाणं गातो की मी मोजलं, १८२० या एका वर्षात मला १२६७ पत्रं आली, बहुतेकांना अभ्यास करून उत्तर द्यावं लागतं, याला काय जगणं म्हणायचं. मनगट दुखतंय, वय ७९. त्यावर अ‍ॅडम्स लिहितो, तुझी सगळी पत्रं एक दिवस खंडांत छापली जावीत अशी माझी इच्छा आहे, पुढच्या काळातले लोक आनंदाने वाचतील. तोपर्यंत अ‍ॅडम्सचे हात इतके कापायचे की तो घरातल्यांना सांगून लिहवून घ्यायचा. म्हणजे पत्र लिहिताना खोलीत तिसरं माणूस हजर!

तेव्हा मला आता असं वाटतं की ते आपल्यासाठीही लिहीत होते आणि एकमेकांसाठीही, आणि एकाच पत्रात कुठला परिच्छेद कोणासाठी ते ओळखू येतं. तत्त्वज्ञान, क्रांती म्हणजे युद्ध नव्हे ती लोकांच्या मनात आधीच झाली होती, हे सगळं आपल्यासाठी. कोण कोण वारलं, घोड्यावर अजून बसता येतं का, हे त्यांचं त्यांच्यासाठी. १८१२ नंतरच्या १५८ पत्रांत १०९ अ‍ॅडम्सची आणि ४९ जेफरसनची. एक मोकळा सुटलाय, दुसरा तोलून मापून. प्रत दोघांकडे होती, पण अ‍ॅडम्स प्रतीची पर्वा करत नाही. माझा विश्वास अ‍ॅडम्सवर जास्त बसतो.

घाटमाथा
बडबड्या माणसावर विश्वास आणि विचार करून लिहिणाऱ्यावर संशय! हे मला काही झेपत नाही. तोलून लिहिलेल्यात माणसाला काय व्हावंसं वाटत होतं ते तरी कळतं. असो, ब्रूटस वाचा.

उंबरा
बॅनेकरबद्दल जेफरसनने बार्लोला लिहिलेलं पत्रही तोलून मापूनच लिहिलंय, घाटमाथा. बार्लो त्या विषयावर त्याच्या विरुद्ध मताचा होता, म्हणून तर जास्तच तोलून.

हटवादी
काकांना जोडी पाठवली. त्यांनी अंगठा दिला आणि खाली मूळ वाक्य परत टाकलं.

दमडी_मोजे
=))

एक राहिलं. १ जानेवारी १८०२ ला जेफरसनने डॅनबरीच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत असावी, ते. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्सच्या चेशायर गावच्या लोकांनी, ते पण बॅप्टिस्टच, पाठवलेला १२३५ पौंडाचा चीजचा गोळा त्याला भेट मिळाला. जॉन लेलँड नावाचा धर्मोपदेशक घेऊन आला होता. त्या पत्राच्या मसुद्यात जेफरसनने खोडलेलं काय होतं ते १९९८ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने वाचून दिलं, इतका कीस पाडलाय त्या पत्राचा. चीजचा कोणी पाडला नाही.

पाटीपेन्सिल
चीजचा कीस मीच पाडतो रोज, पोरांच्या डब्याला. फुकट मिळालं का हो त्याला ते एवढं?

दमडी_मोजे
नाही ना. भेटी घ्यायच्या नाहीत असा त्याचा नियम, म्हणून लेलँडला २०० डॉलर दिले. ४ जानेवारीला स्वतःच्या हिशेबवहीत लिहूनही ठेवलंय.

पाटीपेन्सिल
पौंडाला साधारण १६ सेंट पडले. सोळा सेंटात त्याला शेजारच्या गावाला दोन पत्रं पाठवता आली असती.

दमडी_मोजे
त्याला टपाल फुकट होतं. वर वाचा की.